आयर्न म्हणजे इस्त्री

निकालाचा कागद नोटीस बोर्डावर लागला तेव्हा थोरली धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरपाशी उभी होती. बातमी घेऊन आला तो गेटवरचा वॉचमन. दारातूनच ओरडला, "धाकट्या वहिनी पास! अभिनंदन!" आणि मग थोरलीकडे बघून त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमचं... एका मार्कानं गेलंय, वहिनी."

थोरली आणि धाकटी ह्या सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या आणि एकाच इस्पितळाच्या धुलाईघरात राबायच्या. त्यामुळे सगळं इस्पितळ त्यांना घरातल्याच नावांनी हाक मारायचं. थोरलीला तिथं एकोणीस वर्षं झाली होती, धाकटीला आठ. धाकटीला ह्या कामावर लावलं तेही थोरलीनंच.

धुलाईघराच्या मुख्य बाई निवृत्त झाल्या आणि जागा रिकामी झाली. पूर्वी असली जागा सरळ सगळ्यात जुन्या माणसाला मिळायची. आता नवा नियम आला होता. वॉर्डांच्या मागणीचिठ्ठ्या इंग्रजीत येतात, मशिनांवरच्या सूचना इंग्रजीत असतात, म्हणून मुख्य होणाऱ्यानं इंग्रजीची परीक्षा द्यायची. पन्नास मार्कांचा पेपर, पास व्हायला पंचवीस. पास झालेल्यांत जो जुना, त्याला जागा.

थोरलीला नियमाचा राग आला नव्हता. उलट तिला तो पटला होता. एकदा 'ब्लँकेट' आणि 'बँडेज' ह्यांत घोटाळा होऊन तिनं हाडांच्या वॉर्डात चाळीस घोंगड्या पाठवल्या होत्या आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिची खिल्ली उडवली होती. तेव्हापासून इंग्रजी तिच्या मनात काट्यासारखं सलत होतं. सहा महिने ती जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे जाऊन बसायची. सिस्टरची नोकरी संपत आली होती, गुडघे गेले होते, पण शिकवायची हौस दांडगी.

सिस्टरनं सुरुवातच नामांपासून केली. "नाम म्हणजे नाऊन. ज्याला नाव आहे ते. आणि नामांच्या जाती असतात. तुझ्या धुलाईघरातच सगळ्या सापडतील."

आणि खरंच सापडल्या. चादर, बादली, बाई, हे सामान्यनाम, म्हणजे कॉमन नाऊन. इस्पितळाच्या पाटीवरचं नाव ते विशेषनाम, प्रॉपर नाऊन, त्याचं पहिलं अक्षर मोठं. गठ्ठा, ढीग, जुडगा, हे समूहाचं नाव, कलेक्टिव्ह. कापूस, साबण, पाणी, लोखंड, ज्यापासून वस्तू बनतात ते पदार्थवाचक, मटेरियल. आणि स्वच्छता? "ती हातात धरता येते का?" सिस्टरनं विचारलं होतं.

"धरता येत नाही. पण नसली की लगेच कळते," थोरली म्हणाली होती.

"बस्स! तीच भाववाचक. ॲब्स्ट्रॅक्ट." सिस्टर इतकी खूश झाली होती की तिनं डब्यातली अर्धी पोळी थोरलीला दिली.

पण सिस्टरचा खरा धडा वेगळाच होता. "जाती पाठ करू नकोस. शब्दाकडे नाही, वाक्याकडे बघ. ग्लास हा शब्द घे. खिडकीला ग्लास लावलीय म्हटलं तर ती काच, मटेरियल. मला एक ग्लास दे म्हटलं तर तो पेला, कॉमन. शब्द तोच, पण बसतो कुठे त्यावर त्याची जात ठरते."

थोरलीनं हा धडा गाठीला बांधला. घरी येऊन भांडी घासताना तो धाकटीलाही शिकवला. धाकटीकडे बाजारातून आणलेलं एक पातळ गाईड होतं. "ह्यात सगळ्या याद्या तयारच आहेत," ती म्हणायची. थोरली म्हणायची, "यादी वाच, पण डोकं गहाण टाकू नकोस."

तर आता एका मार्कानं गेलं होतं. चोवीस. धाकटीला काठावर पंचवीस.

थोरलीनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, "चांगलं झालं," म्हणाली, आणि परत रोलरपाशी गेली. पत्रलेखनात आपण मार खाल्ला हे तिला ठाऊकच होतं. पण नामांचे दहा प्रश्न? त्यांत एकही मार्क जाईल असं तिला वाटत नव्हतं. ती गोष्ट मनातून जाईना. चौथ्या दिवशी तिनं अर्ज करून आपला पेपर बघायला मागितला.

कार्यालयातल्या कारकुनानं पेपर टेबलावर सरकवला आणि घड्याळ दाखवलं. "दहा मिनिटं. पेन काढायचं नाही."

थोरलीला दोन मिनिटं पुरली. नामांचा सातवा प्रश्न. छापलेलं वाक्य होतं, 'शी पिक्ड अप द हॉट आयर्न अँड बिगॅन टू प्रेस द शर्ट.' म्हणजे, तिनं गरम इस्त्री उचलली आणि शर्टावर फिरवायला घेतली. आयर्न ह्या शब्दाखाली रेघ. ह्या नामाचा प्रकार सांगा. थोरलीनं लिहिलं होतं कॉमन नाऊन. त्यावर लाल फुली. बाजूला लाल शाईतच, मटेरियल.

तिच्या कानशिलांत एकदम रक्त चढलं. तिनं वाक्य पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. एकोणीस वर्षं जी गोष्ट रोज उचलली, तिच्याबद्दल कुणीतरी खुर्चीत बसून तिला सांगत होतं की ती लोखंड आहे.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"हो, म्हणून तर फुली आहे."

"माझं नाही. तुमचं चुकलंय."

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि परीक्षा अधिकाऱ्याच्या केबिनकडे बोट दाखवलं. बला दुसऱ्याच्या दारात ढकलायची त्याला सवय असावी.

परीक्षा अधिकारी तरुण होता, नीटनेटका, शर्टाच्या बाहीची घडी धारेसारखी. थोरलीची नजर आधी त्या घडीवर गेली. चांगली इस्त्री होती.

त्यानं ऐकून घेतलं, मग ड्रॉवरमधून उत्तरांचा कागद काढला. "सात, मटेरियल. उत्तरतालिका अंतिम असते."

"पण साहेब, वाक्य बघा ना. ती शर्टाला इस्त्री करतेय."

"आयर्न म्हणजे लोखंड. कुठल्याही पुस्तकात बघा. आयर्न, गोल्ड, कॉटन, सगळे मटेरियल."

"पुस्तकात यादी असते. इथं वाक्य आहे."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसा. आणि तेच थोरलीला जास्त लागलं. "बाई, तुम्ही इस्त्री करता म्हणून तुम्हाला सगळीकडे इस्त्रीच दिसते. फेरमोजणीचा अर्ज करा. मार्कांची बेरीज पुन्हा होईल."

"बेरीज बरोबर आहे. उत्तर चुकीचं आहे."

"फेरमोजणी होते. फेरतपासणी नियमात नाही."

"म्हणजे तुम्ही चुकीचं मोजलंत तर चालणार नाही, आणि चुकीचं ठरवलंत तर चालेल?"

तो हसायचा थांबला. "तुम्ही जाऊ शकता."

थोरली बाहेर आली. पावलं आपटत जिना उतरली. नापास झाल्याचं दुःख तिनं चार दिवसांत पचवलं होतं. पण बरोबर असून चूक ठरणं, आणि तेही इतक्या सहज, माशी उडवल्यासारखं, ते काही घशाखाली उतरेना.

संध्याकाळी घरात तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यानं विषय गंभीर घेतला होता. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, जागा घरातच आली ना? तू काय नि ती काय. उगाच कशाला पेटलेल्यात हात घालतेस?"

"आई, जागेचं नाही बोलत मी. त्यांनी चूक केलीय."

"चूक कुणाकडून होत नाही!"

"होते ना. माझ्याकडून झाली तर फुली. त्यांच्याकडून झाली तर नियम."

धाकटीनं ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे तू तक्रार करणार."

"करणार."

"आणि तुला एक मार्क मिळाला की तू पास. मग जुनी कोण? तू. जागा कुणाला? तुला." धाकटीचा आवाज चढला. "सरळ सांग ना, वहिनी, की माझ्या अन्नात माती कालवायचीय."

हा हिशेब थोरलीच्या डोक्यात आलाच नव्हता असं नाही, पण तिनं तो मागच्या फडताळात ढकलला होता. ती म्हणाली, "तुझं काही जाऊ नये असंच मला वाटतं. पण तू तरी सांग. सातव्याला तू काय लिहिलंस?"

"मटेरियल."

"मी शिकवलं होतं ना तुला? वाक्याकडे बघायचं?"

"शिकवलं होतंस. आणि मला कळलंही होतं." धाकटी उठून उभी राहिली. "ती इस्त्री आहे हे मला दिसत नव्हतं का? पण तपासणारा वाक्याकडे बघत नाही, गाईडकडे बघतो. माझ्या गाईडात आयर्न मटेरियलच्या यादीत होतं. मी त्याला हवं ते लिहिलं. तू शहाणी, तू खरं लिहिलंस."

ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपला डबा वेगळा करायला सुरुवात केली.

थोरली मात्र त्या बोलण्यानं आणखीच पेटली. धाकटीवर नाही. ज्या परीक्षेत बरोबर कळलेलं लपवून चुकीचं लिहावं लागतं, त्या परीक्षेवर. म्हणजे दोघींना उत्तर येत होतं. एकीनं लिहिलं, ती बुडाली. दुसरीनं गिळलं, ती तरली. आणि वर त्याला गुणवत्ता म्हणायचं!

तिनं तीन अर्ज दिले. पहिल्यावर शिक्का पडला, 'नियमात बसत नाही'. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. तिसरा कारकुनानं घेतलाच नाही, म्हणाला, "बाई, भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटत नसते."

सिस्टरला सांगितलं तेव्हा ती आधी भरपूर चिडली, मग शांत झाली, आणि म्हणाली, "वस्तू मोजता येते, पदार्थ मोजता येत नाही. एक खुर्ची, दोन खुर्च्या. पण एक लोखंड, दोन लोखंडं म्हणतं का कुणी? एवढं त्यांच्या टाळक्यात घाल."

गुरुवारी सकाळी थोरलीनं धुलाईघराच्या कपाटातून एक इस्त्री काढली, टॉवेलात गुंडाळली, रजिस्टरमध्ये सही केली आणि कार्यालयाचा रस्ता धरला. वॉचमननं विचारलं, "वहिनी, हे काय?"

"पुरावा," ती म्हणाली.

केबिनचं दार उघडंच होतं. परीक्षा अधिकाऱ्यासमोर दोन माणसं बसली होती. थोरली आत गेली, टॉवेल सोडला आणि इस्त्री त्याच्या कागदांवर ठेवली. वायर टेबलावरून लोंबत राहिली.

"हे काय आहे?" तो जवळजवळ ओरडलाच.

"तेच मी तुम्हाला विचारायला आलेय. हे काय आहे?"

"इस्त्री आहे! टेबलावर इस्त्री कशाला—"

"इंग्रजीत काय म्हणतात?"

समोरच्या दोघांपैकी एकानं, गंमत वाटून की काय, उत्तर दिलं, "आयर्न."

"लोखंड आहे का ही?" थोरलीनं इस्त्री उलटी केली. "हा तळ बघा, ॲल्युमिनियमचा. ही मूठ प्लास्टिकची. ही वायर तांब्याची. आत एखादा स्क्रू असलाच तर असेल लोखंडाचा. तरी हिला आयर्न म्हणतात, कारण हे वस्तूचं नाव आहे, पदार्थाचं नाही. आमच्याकडे अशा सात आहेत. सेव्हन आयर्न्स. त्यातल्या चार बंद आहेत, ती तक्रारही मी दोन वर्षं करतेय, ती वेगळी. लोखंडं सात असतात का, साहेब? मी तुम्हाला एक लोखंडाचा तुकडा आणून देते. त्यानं तुमच्या ह्या बाहीची घडी घालून दाखवा. मी माझे शब्द मागे घेते."

"तुम्ही कार्यालयात गोंधळ घालताय. मी तुमच्यावर कारवाई करू शकतो."

"करा. कारवाईच्या कागदावर कारण मात्र नीट लिहा. लिहा की हिला व्याकरण येत होतं."

आवाज एवढा झाला होता की शेजारच्या केबिनमधून मोठ्या बाई बाहेर आल्या. इस्पितळाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. पिकलेले केस, हातात चहाचा कप. त्यांनी इस्त्रीकडे बघितलं, अधिकाऱ्याकडे बघितलं आणि थोरलीला म्हणाल्या, "सावकाश सांगा."

थोरलीनं सांगितलं. मोठ्या बाईंनी पेपर मागवला, वाक्य वाचलं, मग त्यांनी फक्त विचारलं, "ही उत्तरतालिका कुणी केली?"

अधिकाऱ्यानं घसा साफ केला. "वेळ कमी होता, मॅडम. बाजारात एक गाईड मिळतं, त्यावरून..."

ज्या गाईडवर धाकटी विसंबली होती, त्याच्यावरच परीक्षा घेणाराही विसंबला होता. थोरलीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. धाकटीनं जाणूनबुजून काय लिहिलं तेही आलं. ते तिनं दातांखाली दाबून धरलं.

अधिकारी सावरून म्हणाला, "ठीक आहे, तालिका सुधारू. ज्यांनी कॉमन लिहिलंय त्यांना मार्क देऊ, मटेरियल लिहिलंय त्यांचा कापू. मग मात्र," त्यानं यादीवर बोट ठेवलं, "तुमच्या धुलाईघरातून पास झालेल्या बाई नापास होतील. त्या तुमच्याच घरातल्या ना?"

त्याला वाटलं असावं, आता ही गप्प बसेल. थोरलीचा आवाज उलट खाली आला, आणि तो चढलेल्या आवाजाहून वाईट होता.

"म्हणजे चूक तुम्ही करणार, आणि मान तिची कापणार? तिनं तेच लिहिलं जे तुम्ही बरोबर धरलंत. तिचा मार्क काढायचा नाही. प्रश्न तुमच्याकडून नासलाय, तर तो सगळ्यांना माफ करा. सगळ्यांना एक मार्क द्या. नाहीतर मला माझाही नको, हे मी लिहून देते."

मोठ्या बाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला. "एका प्राध्यापकांचं मत मागवू," त्या म्हणाल्या. "लेखी. तोपर्यंत नेमणूक थांबवा. आणि ही इस्त्री उचला, कागदांवर डाग पडेल."

"गार आहे, मॅडम," थोरली म्हणाली.

प्राध्यापकांचं मत यायला बारा दिवस लागले. मत एका ओळीचं होतं: ह्या वाक्यात आयर्न हे सामान्यनाम आहे, दुसरं काही असू शकत नाही. मग परिपत्रक निघालं. सातवा प्रश्न रद्द, ज्यांना त्याचा मार्क मिळाला नव्हता त्या सगळ्यांना एक मार्क. थोरली पंचवीस, धाकटी पंचवीस. इतर विभागांतलेही चारजण पास झाले. त्यांतला एक प्लंबर थोरलीला शोधत धुलाईघरात आला आणि काय बोलावं ते न सुचल्यानं तिचा गळका नळ दुरुस्त करून गेला.

जागा थोरलीला मिळाली. धाकटीचं नाव पुढच्या रिकाम्या जागेसाठी यादीत राहिलं. ती जागा कधी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण परिपत्रक वाचताना तिचं डोकं पुन्हा भडकलं. त्यात लिहिलं होतं, 'मुद्रणदोषामुळे'. छपाईची चूक! छापणाऱ्यानं बिचाऱ्यानं सगळं बरोबर छापलं होतं. चूक केली खुर्चीतल्या माणसानं आणि नाव आलं छापखान्याचं. तिनं त्याच दिवशी चौथा अर्ज लिहिला. ह्या वेळी इंग्रजीत, सिस्टरच्या मदतीशिवाय, दोन ओळींचा: ही छपाईची चूक नव्हती. कृपया तसं लिहावं. कारकुनानं तो मुकाट्यानं घेतला. त्याचं उत्तर आलं नाही. महिन्यानं तिनं त्याची आठवण देणारा अर्ज दिला. मग आणखी एक. कारकून आता तिला बघून शिक्का आधीच शाईत बुडवून ठेवतो.

धाकटी मात्र महिनाभर कामापुरतंच बोलत होती. "गठ्ठा आला." "गठ्ठा गेला." "हिरवे गाऊन कमी आहेत." घरात सासूबाई दोघींच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगायच्या आणि त्यात आपलीही दोन वाक्यं घालायच्या. थोरली मनातून कष्टी व्हायची, पण माफी मागायला तिची जीभ रेटेना, कारण कशाची मागायची तेच तिला समजत नव्हतं. न्याय तिला मिळाला होता, हे खरं. त्यात धाकटीच्या हातचं गेलं, हेही खरं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात आणि त्याचा राग कुणावर काढायचा, हे तिला कळत नव्हतं.

एका दुपारी रोलर बंद पडला. तंत्रज्ञ यायला दोन तास होते. सगळ्याजणी बाहेर ओट्यावर डबे उघडून बसल्या. थोरली टेबलाशी बसून मागणीचिठ्ठ्या लावत एकटीच खात होती. धाकटी आली. आपला डबा न उघडता तिनं खुर्ची ओढली, थोरलीच्या डब्यातली भाजी बोटानं चाखली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"अळणी आहे."

"मीठ त्या फडताळात आहे," थोरली चिठ्ठ्यांवरून नजर न काढता म्हणाली.

धाकटीनं मीठ आणलं. भाजीवर भुरभुरलं. मग चिठ्ठ्यांतली एक उचलून ती वाचू लागली. "ऑपरेशन थिएटरवाल्यांनी पुन्हा 'कॉटन्स' लिहिलंय. वीस कॉटन्स."

"कापूस मोजत नाहीत," थोरली म्हणाली. "परत पाठव. लिही, वीस काय हवंय ते नीट सांगा."

"मी लिहू?"

"मग काय मी एकटीनंच भांडायचं का सगळ्यांशी?"

धाकटीनं थोरलीच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहायला सुरुवात केली.